शुभ नाताय

भाऊ, तुझा बोर्ड यंदा माळ्यावरून मी उतरवला. म्हणजे उतरवला तुझ्या रूथनं, मी खाली उभी राहून 'हळू, हळू' करत होते. तू असतास तर म्हणाला असतास, मास्तरीणबाई, तुमी फक्त सांगून राहा, कामं आमी करतो. मग मी चिडले असते. यंदा चिडवायला कोणी नव्हतं, म्हणून तुझ्या लेकीवरच उगाच चिडले, आणि मग तिला जवळ घेऊन बसले.

दिवाळी आटोपली आणि आठवड्याच्या आत तू गेलास. लोक सांगतात, शांतपणे गेला. जन्मभर शांतच होतास की. आपल्या घरात बोलणं माझ्या वाट्याला आलं आणि ऐकणं तुझ्या. सख्खा मोठा भाऊ, पण मला कधी दोन शब्द सुनावले नाहीस. सुनावायला हवे होतेस. एकदा तरी हवे होतेस, आणि कधी ते मला ठाऊक आहे. आज मला त्याबद्दलच बोलायचंय. एका अक्षराबद्दल.

तर बोर्ड. काळा रंग दिलेलं प्लायवूड, माझे दोन्ही हात पसरले तरी न मावणारं. त्यावर भोकं पाडून बसवलेले पिवळे बल्ब. नाताळच्या आदल्या रविवारी चर्चच्या फाटकावर तो चढवायचा आणि अंधारून आलं की बटण दाबायचं, हा तुझा मान. राजापेठेतल्या तुझ्या दुकानात शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून वर्षभर भरून देणारा तू, पण डिसेंबर लागला की दुकानाच्या अर्ध्या बाकावर हा बोर्ड आडवा पडलेला असायचा. कोणाची मोटार मागं राहिली तर सरळ सांगायचास, नाताय होऊ द्या. आणि लोक होऊ द्यायचे. अमरावतीत तेवढी उधारी तुला सगळ्यांनी दिली होती.

उतरवल्यावर मी बोर्ड पालथा घालून धूळ पुसायला बसले. पुढून काळा रंग, पण मागून प्लायवूड कोरंच होतं आणि त्यावर तुझ्या शिसपेन्सिलीच्या रेघा अजून दिसत होत्या. शेवटच्या अक्षरापाशी फडकं थांबलं. 'ळ'च्या भोकांच्या मधेमधे आणखी भोकं होती, बुजवलेली. पुट्टी भरून, पॉलिशपेपरनं घासून सपाट केलेली. बोटाला लागत होती. मी बोट फिरवत गेले आणि आरशात दिसावा तसा उलटा 'य' हाताला लागला.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. बोर्डाचं ते पहिलंच वर्ष. मी अकोल्याहून दुपारच्या एस.टी.नं निघाले होते, मांडीवर अनारशांचा डबा. मला नोकरी लागून पाच-सहा वर्षं झालेली, जुन्या शहरातल्या शाळेत मराठी शिकवायचे आणि मराठी आपल्यालाच समजते असं वाटण्याचे ते दिवस होते. स्टँडवरून रिक्षा थेट चर्चवर घेतली. फाटकाशी सगळी मंडळी जमलेली, पाळकसाहेब, महिला मंडळ, संडे स्कूलची पोट्टी, आणि शिडीवर तू. शिडी धरून पलीकडच्या गल्लीतले तायडेकाका. तू बटण दाबलंस, बल्ब लागले, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. वर झळकत होतं, शुभ नाताय.

आपल्याकडं 'ळ'चा 'य' होतो. शाळेची शाया, डोळ्याचा डोया, केळ्याचं केयं. तू जसं बोलायचास तसं लिहिलंस. टाळ्या पिटणाऱ्यांतल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण ते सगळे तसंच बोलायचे. वावगं दिसलं ते मला एकटीला. आणि मी रिक्षातून उतरता उतरता, सगळ्यांसमोर, मोठ्यानं हसून म्हटलं, "भाऊ, शाळेत गेला होतास की नाही? ळ आहे तो, ळ!"

लोक हसले. कोणी वाईट मनानं हसलं नाही, मीही नाही. पण हसले. तू वरून बोर्डाकडं पाहिलंस, मग माझ्याकडं, आणि बटण बंद केलंस. खाली उतरून माझ्या हातातला डबा घेतलास आणि म्हणालास, "बरं झालं सांगतलं, सरू."

ते 'बरं झालं' मी पंचवीस वर्षं उशाशी घेऊन निवांत झोपले. आपण भावाचं भलंच केलं असं समजून.

दोन दिवस फाटक अंधारात राहिलं. नाताळच्या सकाळी उपासनेला आलो तर तिथं चांगला गोलमटोल 'ळ' लागलेला. मी मान डोलावली. वहीवर बरोबरची खूण करतात ना, तशी. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

शाळेचं मी काय बोलून गेले! तू आठवीत शाळा सोडलीस आणि मी डी.एड.पर्यंत गेले. घरात ही गोष्ट नेहमी अशी सांगितली जायची की तुला अभ्यासात गोडी नव्हती, रेडिओ उघडून बसायचास. मीही तशीच सांगत आले. बाबांच्या आजारपणात एकाच्याच फीची सोय होती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तुला गोडी नव्हती, हे मला सोयीचं होतं.

बाकी नाताळ आपला किती छान असायचा रे. एक डिसेंबरला घरावर चांदणी लागायची, कामट्यांची, पतंगाच्या कागदाची. पुढं प्लास्टिकच्या तयार चांदण्या आल्या तरी तू कामट्याच सोलत बसायचास. मग करंज्यांचा रविवार. पोळपाटाशी वहिनी, कढईपाशी तायडेकाकू, आणि सारणात साखर कमी की जास्त यावर मी. काकूंच्या घरी आपलं ताट जायचं ते कधी रिकामं परत आलं नाही. चौदा एप्रिलला त्यांच्या गल्लीवर रोषणाई तू करायचास आणि नाताळला तुझी शिडी काका धरायचे. हे कोणी ठरवलं होतं असं मला वाटत नाही.

आणि कॅरलची फेरी. पुढं पेटी, मागं झांजा, मधे तू गळ्यात ढोलकी अडकवून. प्रत्येक फाटकाशी गाणं सुरू व्हायच्या आधी तू हाळी द्यायचास, नाताय आला हो! आतून उत्तर यायचं, येऊ द्या! ख्रिस्ती घर असो की नसो, सगळ्यांना उत्तर पाठ होतं. चहाच्या गाडीवर थांबलेली क्लासची पोरं-पोरीही ओरडायची, येऊ द्या! मी तुझ्या मागेच असायचे, शाल घट्ट लपेटून, आणि तुझ्या त्या 'य'वर मनातल्या मनात लाल रेघ ओढायचे. हाळी ऐकून अंगावर काटा यायचा, तोही खराच. दोन्ही एकदम व्हायचं.

तुला वरूडची सकाळ आठवते? संडे स्कूलच्या पोट्ट्यांना एकेक संत्रं द्यायचं हाही तुझाच नेम. केक काय कुठंही मिळते म्हणायचास. ज्या बागायतदाराची मोटार तू वर्षानुवर्षं भरून द्यायचास तो आंबिया बहाराच्या संत्र्यांची एक पेटी बाजूला ठेवायचा, आणि एका वर्षी ती आणायला तू मला बरोबर नेलंस. बागेत बांधावर बसून आपण संत्री सोलत होतो. माझ्या तोंडाला काय खाज सुटली कोण जाणे, मी पुन्हा तो विषय काढला. म्हटलं, बोलायची भाषा वेगळी, लिहायची वेगळी, हे लोकांना कळत नाही. तू बराच वेळ संत्र्याच्या शिरा काढत राहिलास. मग म्हणालास, "जे तोंडात येते तेच हातानं लिवलं होतं मी. देवाले कोणती समजते?"

मी म्हटलं, दोन्ही समजतात.

"मंग?" तू विचारलंस.

मी सालं गोळा करायला लागले. तेवढ्यात पेटी भरून झाली आणि आपण उठलो. परत येताना तू गाडीत गुणगुणत होतास, मी खिडकीबाहेर बघत होते. तुझा तो 'मंग' अजून तिथंच बांधावर पडलाय.

आता सांगते ते तुला ठाऊकच आहे, पण मला कळून दोनच महिने झाले.

मी हॉस्टेलला असताना, आणि लग्न होऊन अकोल्याला गेल्यावरही, तुझी पोस्टकार्डं यायची. 'मले करमत नाई. नाताय आला का ये.' बस, एवढंच. पुढं ती यायची बंद झाली. मला वाटलं, घरोघरी फोन आले म्हणून. त्याची तारीख कधी जुळवून पाहिली नाही. मग व्हॉट्सॲप आलं, आणि दर नाताळला सकाळी तुझ्या नंबरवरून मेसेज यायचा. लांबलचक, नीट परिच्छेद पाडलेला, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नसलेला. 'प्रिय सरू, तुला आणि घरातील सर्वांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.' मी हरखून जायचे. शिक्षकांच्या ग्रुपवर पुढं पाठवायचे, आठवी शिकलेला माझा भाऊ बघा म्हणून. तुलाही एकदा म्हटलं होतं, भाऊ, शुद्धलेखन काय सुधारलंय रे तुझं! तू नुसता हसलास. मला वाटलं, लाजलास.

तुला मातीत ठेवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मी अंगणात मेथी निवडत बसलो होतो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बोलता बोलता मी त्या मेसेजांची गोष्ट काढली. वहिनीची बोटं थांबली.

"ते रूथ लिवत होती, बाई," ती म्हणाली. "आठवीत होती तवापासून. हे तिच्यापाशी बसून सांगत जायचे, ती लिवायची. मंग दोनदा वाचून घ्यायचे. तुमी चुका काढान म्हणून."

मी मेथी निवडत राहिले. मग आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. तुझ्या आजारपणातही न रडलेली मी मोरीपाशी उभी राहून रडले, आणि वहिनीला वाटलं, तुझ्यासाठी रडतेय. तुझ्यासाठीच रडत होते, पण ती समजत होती तसं नाही.

त्या 'ळ'नंतर एवढ्या वर्षांत तू स्वतःच्या हातानं मला एक ओळ लिहिली नाहीस, भाऊ. माझ्या भीतीनं. ज्या माणसानं जिवंत वायरीला हात घालताना कधी मागंपुढं पाहिलं नाही, तो धाकट्या बहिणीला चार शब्द लिहायला भ्यायला.

आणि मी सुधारले म्हणशील तर तेही नाही. दवाखान्यात, शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी, तुझी बोटं माझ्या मनगटावर होती. तू विचारलंस, "सरू, नातायले येशीन ना?" आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हो रे, नाताळला येणारच ना मी." तेव्हासुद्धा! जीभ आपसूक वळली. तू डोळे मिटून हसलास. ते हसणं माफीचं होतं की थकल्याचं, हे मला आता कोणी सांगणार नाही.

डिसेंबर लागला तसा पाळकसाहेबांनी निरोप धाडला की दुःखाचं घर आहे, यंदा बोर्ड नाही लावला तरी मंडळी समजून घेतील. वहिनीनं कढई ठेवली नाही. तायडेकाकू न बोलावता येऊन करंज्यांचा डबा ओट्यावर ठेवून गेल्या. बोर्डाचं काय, असं वहिनीनं मला विचारलं. माझं तोंड उघडायच्या आधीच रूथ म्हणाली, लावू.

तिला मी मागची भोकं दाखवली. तिला ती माहीत होती. मी विचारलं, हे परत 'य' होईल का? तिनं माझ्याकडं पाहिलं, तुझ्यासारखंच. दुकान आता तीच बघते, तुला माहीतच आहे. तुझी पक्कड, तुझं टेस्टर, बाकावरची तुझी बसायची जागासुद्धा. ती म्हणाली, "आत्या, तू नक्की सांगून राह्यली ना? मंग पुन्हा ळ करायले मी नाई येणार."

मी म्हटलं, नक्की.

दोन दिवस लागले. तिनं पेचकसानं पुट्टी टोकरून काढली, मी खाली पेपर धरला. 'ळ'ची भोकं तिनं बुजवली, आणि ती घासायचं काम मी मागून घेतलं. खूप वेळ घासत होते. तिनं शेवटी पॉलिशपेपर माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, पुरे झालं आता. काळा रंग वाळल्यावर एकेक बल्ब बसवताना ती तुझं ते वरूडच्या वाटेवरचं गाणं गुणगुणत होती, अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून.

रविवारी संध्याकाळी फाटकाशी सगळे होते. शिडी तायडेकाकांनी धरली. त्यांचे गुडघे दुखतात, पण दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. रूथ वर चढली, बोर्ड अडकवला, तुझ्यासारखाच एकदा हलवून पाहिला. बटण दाबतानाही तू हाळी द्यायचास, यंदा ती द्यायला कोणी नव्हतं. मग तिनं बटण दाबलं.

टाळ्या झाल्या. कोणाला काही वेगळं दिसलं नाही, भाऊ. तायडेकाकांनी वर बघून हळू आवाजात वाचलं, शुभ नाताय, आणि खिशातून रुमाल काढला. महिला मंडळातल्या एकीनं फोटो काढला. पोट्टी संत्र्यांसाठी रांगेत घुसायला लागली होती. वरूडची पेटी आली होती, न सांगता आली होती.

तेवढ्यात माझ्या खांद्याला कोणीतरी हात लावला. मनीषा. अकोल्याची माझी विद्यार्थिनी, माझ्या हाताखाली सातवीत होती, आता लग्न होऊन इथं आलीय आणि स्वतः मराठी शिकवते. तिच्या वर्गातली एक मुलगी नाताळच्या नाटकात होती म्हणून आली होती. तिनं मला वाकून नमस्कार केला, तुझं ऐकलं म्हणून वाईट वाटलं असं म्हणाली, आणि मग आवाज अगदी खाली आणून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, म्हणाली, "मॅडम, बोर्डावर ळ राहिलाय. सांगू का कोणाला?"

बघ, माझ्याच हातची पोरगी. मी जे शिकवलं ते चोख शिकलेली, आणि वर एक गोष्ट माझ्याहून जास्त शिकलेली, ती म्हणजे हळू बोलायची.

मी तिचा हात धरला. आजूबाजूला मंडळी होती, पाळकसाहेब होते, शिडीवरून उतरणारी रूथ होती. मी मात्र हळू बोलले नाही. म्हटलं, "राह्यला नाई, मनीषा. आमच्या घरी असंच म्हणतात. माह्या भावाचं अक्षर हाये ते."

एवढंच वाक्य होतं रे. पंचवीस वर्षांमागं त्याच शिडीखाली उभी राहून म्हणायचं होतं. तू वर होतास, दिवे लागलेले होते, सगळे बघत होते, आणि माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

येशीन ना म्हणून विचारलं होतंस. भाऊ, मी आली होती. नातायले आली होती.